टाकून दिलेले पोलीस ठाणे: ‘रेसिडेंट इव्हिल २’ पहिल्या भागापेक्षा सरस कसा ठरला?

#धागा #इतिहास

१/
रत्नागिरीचा थिबा राजवाडा ज्यांनी आतून पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट जाणवली असेल. बाहेरची पाटी संग्रहालयाची आहे. वास्तू मात्र संग्रहालयासाठी बांधलेली नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास पदच्युत केले आणि पुढील एप्रिलमध्ये त्याला सहकुटुंब रत्नागिरीस आणून ठेवले. बरीच वर्षे भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० च्या सुमारास तो या तीन मजली वाड्यात राहावयास आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. राजबंद्यासाठी उभारलेला वाडा पुढे सरकारी कामांना लागला आणि आज तेथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. दालने तीच, पण त्यांचे काम प्रत्येक वेळी निराळे.

२/
आजचा धागा राजवाड्याविषयी नाही. तो एका जपानी व्हिडिओ गेमविषयी आहे, आणि त्या खेळातही अशीच एक उलटसुलट वापरली गेलेली इमारत मध्यभागी उभी आहे: पूर्वी कलासंग्रहालय असलेले पोलीस ठाणे. ‘रेसिडेंट इव्हिल २’ हा १९९८ चा खेळ आपल्या पूर्वसूरीपेक्षा सरस कसा ठरला, याचे उत्तर बहुतेक जण ‘चित्रे सुधारली, शत्रू वाढले’ असे देतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की, या खेळाची खरी सुधारणा एका इमारतीला भूतकाळ देण्यात होती आणि त्यासाठी जवळजवळ पूर्ण झालेला एक अख्खा खेळ रद्द करावा लागला.

३/
इतिहासाच्या धाग्यात व्हिडिओ गेम कशाला, असे विचारणारे काही जण असतीलच. या खेळाला आता पाव शतक उलटून गेले. त्याचे खर्डे आहेत, पाठभेद आहेत, साक्षी आहेत आणि साक्षींमध्ये विसंगतीही आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे?

४/
आधी पहिल्या भागाची पार्श्वभूमी. ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीने १९८९ मध्ये ‘स्वीट होम’ नावाचा एक भयखेळ काढला होता. तो कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावर बेतलेला होता. पछाडलेला वाडा, मोजकी सामग्री, कुलूपबंद दारे आणि मेलेल्यांच्या चिठ्ठ्या, हे सारे साहित्य तेव्हाच जमलेले होते. त्याचे दिग्दर्शक तोकुरो फुजिवारा यांनी १९९३ मध्ये ते काम नव्या यंत्रांसाठी नव्याने करावे असे सुचवले आणि शिंजी मिकामी या तरुणावर ते सोपवले. मिकामींना स्वतःला भीतीचे वावडे होते. फुजिवारांना तेच हवे होते. ज्याला भीती वाटत नाही, त्याला दुसऱ्याला भिववता कसे येणार?

५/
त्यातून २२ मार्च १९९६ रोजी जपानमध्ये ‘बायोहॅझार्ड’ आला. अमेरिकेत त्या नावावर हक्काची अडचण निघाल्याने तिकडे त्याचे नाव ‘रेसिडेंट इव्हिल’ झाले. रानातला एकाकी वाडा, आत अडकलेले विशेष दलाचे मोजके जवान, आणि तळघराखाली एका औषध कंपनीची गुप्त प्रयोगशाळा. विषाणूने मृत माणसे चालती झालेली. या खेळाने आपल्या प्रकाराला स्वतःच एक नाव दिले: ‘सर्व्हायव्हल हॉरर’. जिंकण्यापेक्षा जिवंत राहणे महत्त्वाचे, असा हा प्रकार.

६/
ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. खेळाडूजवळ सामान ठेवायला जागा फारच थोडी: क्रिस या पात्राला सहा खण, जिलला आठ. गोळ्या मोजून मिळतात. खेळ कोठवर आला आहे याची नोंद ठेवायची तर टंकलेखन यंत्र शोधावे लागते आणि त्यात शाईची फीत घालावी लागते. त्या फितीही मोजक्याच. म्हणजे नोंद करणे हासुद्धा खर्च. समोरचा मृतदेह गोळ्या घालून पाडायचा की त्याला हुलकावणी देऊन निसटायचे, हा हिशेब सतत चालू राहतो. भीती अक्राळविक्राळ चेहऱ्यांतून येत नाही, ती या जमाखर्चातून येते. दुष्काळात कणगीच्या तळाशी हात लागल्यावर जे वाटते, त्या जातीची ही भीती आहे.

७/
पहिल्या भागाच्या उणिवाही तितक्याच ठळक होत्या. सुरुवातीची चित्रफीत खऱ्या नटांना घेऊन केलेली आणि आजही हसू आणणारी. संवाद इतके अवघडलेले की त्यांतील काही वाक्ये पुढे चेष्टेचा विषय होऊन बसली. शत्रू एका वेळी मोजकेच दिसत. शिवाय एक उणीव कमी बोलली जाते: खेळाडू क्रिसला निवडतो तेव्हा जिल कोठडीत सापडते, आणि जिलला निवडले तर क्रिस कोठडीत. दोन्ही कथा एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. एकाच लढाईच्या दोन बखरी, आणि दोन्हींत सेनापती वेगळा.

८/
तरीही खेळ तुफान चालला. पहिल्या आवृत्तीच्या साडेसत्तावीस लाखांच्या घरात प्रती खपल्या. साहजिकच दुसऱ्या भागाची आज्ञा निघाली. मिकामी निर्माते झाले आणि दिग्दर्शनाची धुरा हिदेकी कामिया यांच्याकडे आली. वय पंचविशीच्या आसपास. (हे वाक्य लिहिताना माझ्या अपूर्ण प्रबंधाने माझ्याकडे फार वाईट नजरेने पाहिले.) चाळीस-पन्नास जणांचे पथक त्यांच्या हाताखाली होते आणि त्यांतले बरेच जण नवखे होते.

९/
कल्पना अशी ठरली की आता रानातला वाडा नको, माणसांच्या वस्तीचे गाव हवे. रकून सिटी नावाचे अमेरिकेतले एक सर्वसाधारण शहर रात्रीतून मृतांच्या ताब्यात जाते. मिकामींना खेळाडूच्या मनात ‘मी तेथे असतो तर काय केले असते?’ हा प्रश्न उभा करायचा होता. परक्या वाड्यात तो प्रश्न पडत नाही. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या पोलीस ठाण्यात पडतो. कागदावर हा विचार अगदी बिनतोड होता. आणि तो फसला.

१०/
कामियांच्या पथकाने जे बांधले त्याला आज चाहते ‘रेसिडेंट इव्हिल १.५’ म्हणतात. त्यात लिऑन केनेडी हा नवा पोलीस होता. त्याच्या जोडीला एल्झा वॉकर, ही महाविद्यालयात शिकणारी, मोटारसायकलच्या शर्यतींत उतरणारी मुलगी. दोघांच्या वाटा एकमेकांना कोठेच मिळत नव्हत्या. प्रत्येकाला आपापले दोन साथीदार होते. चिलखतासारखे कपडे बदलता येत, मार बसला की त्याच्या खुणा अंगावर दिसत. आणि पोलीस ठाणे? ते अगदी पोलीस ठाण्यासारखे होते. आधुनिक, आटोपशीर, वास्तव. करड्या भिंती, सरकारी टेबले, शटर. असे ठाणे प्रत्यक्षात असते, म्हणून तसेच.

११/
निर्माता आणि दिग्दर्शक यांचे सुरुवातीला पटत नव्हते. मिकामी आपला हात मध्ये घालू पाहत. मग त्यांनी माघार घेतली आणि महिन्यातून एकदा झालेले काम दाखवा, एवढेच मागणे ठेवले. दर महिन्याला दिसे ते असे: सुटे भाग चांगले, पण सगळे मिळून काही उभे राहत नाही. खेळ मे १९९७ मध्ये पूर्ण करण्याचा बेत होता. शेवटच्या तीन महिन्यांत सारे जुळून येईल अशी त्यांची आशा होती. आले नाही. काम साठ ते ऐंशी टक्के झालेले असताना १.५ रद्द करण्यात आला. मिकामींनी दिलेले कारण थोडक्यात असे की खेळणे आणि जागा दोन्ही कंटाळवाण्या होत्या.

१२/
येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ‘रद्द केला’ हे दोन शब्द आपण पटकन वाचून पुढे जातो. पन्नासेक माणसांचे वर्षभराचे काम, बहुतेकांचे व्यावसायिक आयुष्यातले पहिलेच मोठे काम, आणि पहिला भाग गाजल्यामुळे बाजार वाट पाहत असलेला. जसेच्या तसे बाहेर काढले असते तरी ते नावावर खपले असते, याविषयी मला शंका नाही. उत्तरभागांचा धंदा बहुधा तसाच चालतो. कंपनीने उशीर पत्करला आणि मधली पोकळी भरण्यासाठी १९९७ मध्ये पहिल्याच भागाची ‘डायरेक्टर्स कट’ ही आवृत्ती काढली. तिच्यासोबत नव्या, दुरुस्त झालेल्या दुसऱ्या भागाचा थोडा नमुना दिला.

१३/
आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण ‘तुंबाड’ चित्रपटाचे. तुंबाड हे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले, जगबुडीच्या काठचे गाव. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीमुळे ते नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले आणि चित्रपटाने नाव तेथूनच घेतले. भयाचे बीज नारायण धारप यांच्या कथेतले. राही अनिल बर्वे यांनी २०१२ मध्ये त्याचे चित्रीकरण केले. संकलन करताना लक्षात आले की हाती जे आले आहे ते मनातले नव्हे. पटकथा पुन्हा लिहिली, २०१५ मध्ये पुन्हा चित्रीकरण केले, आणि चित्रपट पडद्यावर यायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. त्यातला गाभाऱ्याचा प्रसंग आठवा: पिठाचे रिंगण, कणकेची एक बाहुली, मोजके क्षण आणि कमरेच्या फडक्यात मावेल तेवढेच सोने. सर्व्हायव्हल हॉररचे सगळे जमाखर्च तेथे आहेत. पण मूळ मुद्दा चुकीची दुरुस्ती करण्याऐवजी पुन्हा मांडणी करण्याचा.

१४/
आता ओसाकात काय बदलले ते पाहू. कॅपकॉममधील योशिकी ओकामोतो यांचा कथानकावरच आक्षेप होता. १.५ ची कथा सगळे धागे संपवून टाकणारी होती. पुढे काही उरतच नव्हते. नवी संहिता जमेना, तेव्हा त्यांनी नोबोरू सुगिमुरा या अनुभवी पटकथालेखकाला बोलावले. सुगिमुरा जपानी दूरचित्रवाणीवर मुलांच्या साहसमालिका लिहीत. आधी नुसता सल्ला घ्यायचा होता. पण गाठी इतक्या सहज सुटू लागल्या की पूर्ण संहिताच त्यांच्याकडे सोपवण्यात आली. एल्झा गेली. तिच्या जागी क्लेअर रेडफील्ड आली, पहिल्या भागातील क्रिसची धाकटी बहीण, हरवलेल्या भावाला शोधत आलेली. एका नात्याने दोन खेळ एकमेकांना बांधले गेले. एल्झाला शहरात असण्याचे कारण होते. क्लेअरला शहरात येण्याचे कारण मिळाले. दोन्हींत फरक आहे.

१५/
आणि ठाणे बदलले. माझ्या मते सर्वांत मोठी सुधारणा ही. कलाकारांनी जपानी शहरांतल्या पाश्चात्त्य धाटणीच्या जुन्या इमारतींची दालने छायाचित्रांत टिपून आणली आणि त्यांवरून नवे ठाणे रचले. उंच छताचे प्रवेशदालन, मध्यभागी पुतळा, वर फिरणारा कठडा, लाकडी जिने, तैलचित्रे. एकेक पार्श्वचित्र संगणकातून तयार होऊन हाती यायला दोन-तीन आठवडे लागत. जुने जवळपास काहीच कामी आले नाही, कारण करड्या कचेरीचा तुकडा या वास्तूत बसवताच येत नव्हता.

१६/
पोलीस ठाण्यात पुतळे कशाला? कथेचे उत्तर: ही इमारत पूर्वी कलासंग्रहालय होती. आणि ठाण्याचा प्रमुख आयर्न्स हा औषध कंपनीकडून लाच खाणारा, भुसा भरलेल्या प्राण्यांचा आणि कलावस्तूंचा विकृत नाद असलेला गृहस्थ. एवढ्या दोन गोष्टींनी खेळातल्या साऱ्या विचित्रपणाला आधार मिळतो. पुतळा सरकवल्याशिवाय रत्न का मिळत नाही, किल्ल्यांवर पत्त्यांतली चिन्हे का, दालनाखाली गुप्त वाट का, असे प्रश्न करड्या ठाण्यात हास्यास्पद झाले असते. येथे ते प्रश्न राहत नाहीत. कोणीतरी आधी येथे राहून गेले आहे, आणि त्याच्या लहरी भिंतींत मुरल्या आहेत.

१७/
कोकणातल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. नव्या सिमेंटच्या बंगल्यात देवचार राहत असल्याचे कोणी सांगत नाही. गोष्टी चिकटतात त्या चिऱ्याच्या जुन्या घराला, वापरात नसलेल्या माळ्याला, वाटण्यांत अर्धी बंद झालेल्या पडवीला, ज्या खोलीचा उपयोग पूर्वी निराळा होता त्या खोलीला. घराची जुनी ओळख आणि नवी ओळख यांच्यामध्ये जी फट राहते, तेथे भीती घर करते. मिकामींचा ‘परिचित जागा हवी’ हा मूळ विचार चुकीचा नव्हता. चूक एवढीच की परिचित म्हणजे सपाट, असे धरले गेले. थिबा राजवाड्याच्या एखाद्या रिकाम्या दालनात भर दुपारी एकटे उभे राहून पाहा.

१८/
दुसरी सुधारणा कथनाची. नवा खेळ दोन तबकड्यांवर आला, एक लिऑनची, एक क्लेअरची. लिऑनला आधी खेळलात तर क्लेअरचा दुसरा भाग उघडतो, आणि उलटही. अशा चार कथा. २९ सप्टेंबर १९९८ ची ती एकच रात्र, पण दुसऱ्या बाजूने. पहिल्या खेळीत शस्त्रांच्या कपाटातली बंदूक आणि सामानाची थैली तुम्ही उचललीत, तर दुसऱ्या खेळीत त्या पात्राला कपाट रिकामे मिळते. मागे ठेवलीत तर त्याला उपयोगी पडते. मागून येणाऱ्यासाठी काय ठेवायचे, हा प्रश्न भयखेळाने त्याआधी इतक्या सरळपणे विचारला नव्हता.

१९/
शिवाय दुसऱ्या फेरीत एक नवे संकट येते. कोट घातलेला, न बोलणारा, गोळ्यांना न जुमानणारा एक महाकाय पाठलाग करू लागतो, भिंत फोडून येतो. तो ‘मिस्टर एक्स’ या नावाने ओळखला जातो. पहिल्या फेरीत इमारत पाठ झालेली असते, म्हणून दुसऱ्या फेरीत खेळाडू निर्धास्त असतो. नेमका तो निर्धास्तपणा येथे काढून घेतला जातो. १.५ मध्ये दोघांच्या वाटा स्वतंत्र होत्या, त्यामुळे यातले काहीच शक्य नव्हते.

२०/
प्रामाणिकपणे सांगायचे तर ही जोडणी निर्दोष नाही. एकच पुतळा एकाच रात्री लिऑनही सरकवतो आणि क्लेअरही. एकच रत्न दोघांना सापडते. दोन बखरी जुळवून पाहणाऱ्याला तेथे ठेच लागतेच. पण पहिल्या भागात दोन साक्षीदार एकमेकांना खोटे पाडत होते. येथे ते निदान एकाच रात्रीविषयी बोलत आहेत आणि काही ठिकाणी एकमेकांना भेटतातही. इतिहासात आपण याहून वाईट साधनांवर भिस्त ठेवतो.

२१/
बाकीच्या सुधारणा भराभर सांगतो. पडद्यावर एका वेळी सात शत्रूंपर्यंत गर्दी करता येऊ लागली, त्यामुळे अरुंद बोळ खरोखरच अरुंद झाला. नटांच्या चित्रफितीऐवजी संगणकीय दृश्ये आली. संवादांची पातळी सुधारली, फार नाही. जखमेच्या दृश्य खुणा काढून टाकल्या, पण गंभीर मार बसला की पात्र लंगडू लागते, चाल मंदावते. हा शेवटचा बदल मला फार आवडतो. प्रकृती कशी आहे हे पाहायला आता यादी उघडावी लागत नाही, चालण्यातूनच कळते.

२२/
मग गमावले काय? काहीतरी गमावले आहेच. दुसरा भाग सोपा आहे. गोळ्या बऱ्याच मिळतात. जुन्या खेळाडूला कंजूषपणा करावा लागत नाही. पहिल्या वाड्यातली शांतता, ते ‘येथून बाहेर जायला वाटच नाही’ वाटणे, शहरात पातळ होते. ठाणे संपवून खेळ गटारांत आणि मग प्रयोगशाळेत उतरतो, तेव्हा माझा उत्साह दर वेळी ओसरतो; ते भाग कोणत्याही खेळात शोभले असते. निव्वळ भीतीच्या तराजूत मी अजूनही पहिल्या भागाला झुकते माप देईन. पण रचना म्हणून, एक संपूर्ण कृती म्हणून, दुसरा भाग निःसंशय वरचा. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

२३/
अमेरिकेत तो २१ जानेवारी १९९८ रोजी विक्रीस आला, जपानमध्ये आठवड्याभराने. मूळ प्लेस्टेशन आवृत्तीच्याच सुमारे पन्नास लाख प्रती गेल्या. पुढे २०१९ मध्ये कॅपकॉमने तो संपूर्ण नव्याने बांधला. स्थिर कॅमेरा गेला, दृष्टी पात्राच्या खांद्यामागे आली, आणि मिस्टर एक्स आता ठाणेभर मोकळा हिंडतो. त्याच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून ऐकू येतो आणि अंगावर काटा येतो. पण दोन कथांची गुंफण त्या नव्या बांधणीत सैल पडली. दोघे तेच तेच करतात, आणि जुन्याइतका मेळही घातलेला नाही. एक मात्र जपले: ते प्रवेशदालन, तो पुतळा, संग्रहालयाचे ते उंच छत. वीस वर्षांनी सगळे पाडून बांधायचे ठरले तेव्हाही इमारतीचा भूतकाळ कोणी पाडला नाही.

२४/
शेवटी साधनांविषयी. रद्द झालेल्या खेळाबद्दल आपण इतके नेमके बोलू शकतो, कारण तो पुरता नष्ट झाला नाही. त्याची छायाचित्रे तेव्हाच्या नियतकालिकांत छापून आली होती, प्रचारफितींत तुकडे होते, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची एक अर्धवट प्रत चाहत्यांच्या हातून सर्वांसाठी खुली झाली. करडे ठाणे, एल्झा, शटर, सगळे त्यात चालून पाहता येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना मुख्य संहितेत न घेतलेले पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले, म्हणून आज आपल्याला निवड कशी झाली ते तपासता येते. येथे ते काम हौशी पोरांनी केले, तेही कंपनीच्या मर्जीविरुद्ध. कायद्याच्या बाजूने मला त्यांचे समर्थन करता येत नाही. पण ती प्रत नसती तर हा धागा दहाव्या क्रमांकावर संपला असता.

२५/
आता एक विनंती. माझ्या लहानपणी हा खेळ मी एका मावसभावाच्या संगणकावर, कोणीतरी उतरवून दिलेल्या, नाव हाताने लिहिलेल्या सीडीवरून पाहिला. पात्रे कोण, ठाणे कसले, काही कळत नव्हते. दार उघडण्याचा आवाज तेवढा लक्षात राहिला. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, कणकवली, सावंतवाडी, कोठेही असा, तुम्ही हा किंवा असा कोणताही भयखेळ पहिल्यांदा कोणत्या साली, कोणाच्या घरी किंवा कोणत्या सायबर कॅफेत खेळलात ते खाली लिहा. तास किती रुपयांना मिळे, सीडी कोठून येई, घरचे काय म्हणत, हेही आठवत असेल तर लिहा. आणि माळ्यावर त्या जुन्या सीड्या असतील तर त्या टाकू नका. आधी एक छायाचित्र काढून पाठवा, हस्ताक्षरासह.